अडीच किलोंचा शिकारी

[दृश्य: लंडन, बनहिल रो. संध्याकाळची वर्दळ. ‘आर्टिलरी आर्म्स’ नावाचा पब.]

समोर जुनी दफनभूमी आहे. कवी विल्यम ब्लेक आणि डॅनियल डिफो यांच्या कबरी तिथे आहेत, त्यामुळे पर्यटकांचा राबता असतो. दमलेभागलेले लोक मग रस्ता ओलांडून या पबमध्ये शिरतात. 19व्या शतकात याच जागी ‘ब्लू अँकर’ नावाचा गुत्ता होता. मालक जेमी शॉ. त्याच्याकडची गर्दी नुसत्या बिअरसाठी नसायची, लोक उंदरांवर पैजा लावायला येत.

अस्वलं आणि बैलांवर कुत्री सोडण्याच्या खेळांवर इंग्लंडमध्ये 1835 साली कायद्याने बंदी आली. उंदरांची मात्र कुणी फिकीर केली नाही. मग गुत्त्यांमध्ये कठडे घातलेले आखाडे उभे राहिले. त्यात उंदीर ओतायचे, वरून एक टेरियर, म्हणजे छोटा शिकारी कुत्रा, सोडायचा आणि घड्याळ लावायचं. उंदीर शक्यतो खेड्यापाड्यांतून, एसेक्सकडून आणलेले असत. गटारातल्या उंदरांचा चावा कुत्र्यांना बाधतो, हे या धंदेवाईकांना चांगलं ठाऊक होतं. कुत्रा महाग होता, उंदीर नव्हते.

[दृश्य: लंडनच्या संग्रहालयातलं तैलचित्र. दिव्याखालचा आखाडा, भोवती टोप्या घातलेली माणसं, मध्ये छोटासा काळा कुत्रा.]

हा शॉचा लाडका, ‘टायनी’. वजन साडेपाच पौंड, म्हणजे अडीच किलो. गळ्यात पट्टा म्हणून बाईच्या हातातलं ब्रेसलेट घालत, कारण साधा पट्टा त्या मानेला मोठा पडायचा. या टायनीने 1848 साली 54 मिनिटं 50 सेकंदांत 200 उंदीर मारले. हिशोब केला तर दर साडेसोळा सेकंदांना एक. त्यातले कित्येक उंदीर त्याच्या डोक्याहून फार लहान नसतील.

टायनीच्या जातीला आज इंग्लिश टॉय टेरियर म्हणतात. नावात ‘टॉय’ आहे म्हणून याला शोभेचा कुत्रा समजणाऱ्यांनी हे चित्र एकदा नीट बघावं.

[दृश्य: आजचा इंग्लिश टॉय टेरियर, उन्हात उभा. कॅमेरा कानांपासून पायांपर्यंत.]

कान डोक्यावर मागच्या बाजूला, एकमेकांजवळ आणि उभे. आकार मेणबत्तीच्या ज्योतीचा, असं खुद्द जातीच्या मानकातच, म्हणजे आदर्श कुत्रा कसा असावा याच्या अधिकृत वर्णनात, लिहिलं आहे. उंची 25 ते 30 सेंटिमीटर, वजन 2.7 ते 3.6 किलो. रंग एकच मान्य: तुकतुकीत काळा आणि त्यावर गडद तांबूस. दोन्ही रंगांची हद्द स्पष्ट हवी. पुढच्या पायांच्या तांबूस भागावर, पंजाच्या वर, एक काळा डाग असतो. त्याला ब्रीडर, म्हणजे पैदास करणारे, ‘अंगठ्याचा ठसा’ म्हणतात. बोटांवर बारीक काळ्या रेघा असतात, पेन्सिलीने ओढल्यासारख्या.

मुंबई-पुण्यात असा कुत्रा दिसला तर कुणीतरी हमखास म्हणेल, “अरे, मिनी डॉबरमन!” आपल्याकडे बहुतेक वेळा तो मिनिएचर पिन्शर असतो, आणि ती जात जर्मन. गंमत म्हणजे खरं नातं उलट दिशेचं आहे. डॉबरमन घडवताना त्यात या टॉय टेरियरच्या मोठ्या भावाचं, मँचेस्टर टेरियरचं रक्त मिसळलं गेलं, असं श्वानतज्ज्ञ मानतात.

उंदीर मारणारा कुत्रा मांडीवर कसा आला? आखाडे बंद पडत गेले, कुत्र्यांची प्रदर्शनं सुरू झाली, आणि व्हिक्टोरियन लोकांना लहान कुत्र्यांचं वेड लागलं. लहान म्हणता म्हणता आणखी लहान. छोट्याला छोटीच जोडीदारीण द्यायची, मग ती बहीण असो की मुलगी. अशा पैदाशीतून जे निपजलं ते नाजूक होतं: अशक्त पिल्लं, विरळ केस, फुगीर कपाळं. बांधा सुधारायला इटालियन ग्रेहाउंडचं रक्त आणलं, त्याची पाठीची कमान काही कुत्र्यांत उतरली. 1895 मध्ये केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या संस्थेने, कापलेल्या कानांच्या कुत्र्यांना प्रदर्शनाची दारं बंद केली. निर्णय शंभर टक्के योग्य होता, पण तोवर या जातीचा रुबाब कात्रीवर अवलंबून होता. नैसर्गिकरीत्या उभे राहणारे कान पैदाशीतून मिळवायला बराच काळ गेला, आणि तोवर हौशी लोक दुसऱ्या जातींकडे वळले होते.

[दृश्य: बाग. कुत्रा एकदम थबकतो. झुडपात हालचाल. झेप.]

स्वभाव बदललेला नाही. घरात हा माणसाला चिकटून बसतो, पांघरुणात शिरतो, पाहुण्याला दुरूनच जोखतो. बाहेर खार दिसली की हाक ऐकू येणं बंद होतं. म्हणून मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही. घरात पांढरे उंदीर किंवा हॅम्स्टर पाळले असतील तर हा कुत्रा आणू नये. प्रशिक्षणाने इतकी जुनी खोड जाईल, या भरवशावर तर मुळीच राहू नये.

उंदरामागे धावणाऱ्या कुत्र्याला लेप्टोस्पायरोसिसची लस द्यायलाच हवी. उंदराच्या मुतातून पसरणारा हा आजार मुंबईच्या आणि कोकणच्या पावसाळ्यात माणसांनाही सोडत नाही, हे मराठी प्रेक्षकांना सांगायला नको.

अंगावरचे केस आखूड असल्याने निगा सोपी. आठवड्यातून एकदा ओलसर कापड फिरवलं तरी चकाकी राहते. थंडीत अंगरखा लागतो, आणि पाऊस दिसला की हे महाराज उंबऱ्यावर ठाण मांडतात. खरी मेहनत दातांची आहे. एवढ्याशा जबड्यात बेचाळीस दात दाटीवाटीने बसतात, कधी दुधाचे दात पडायचे राहून जातात, मग कीट साचतं, हिरड्या सुजतात. रोज ब्रश. माणसांची टूथपेस्ट नाही, कुत्र्यांची.

खाण्याच्या बाबतीत एक हिशोब लक्षात ठेवावा. तीन किलोंच्या कुत्र्याचं वजन 300 ग्रॅमने वाढलं, म्हणजे साठ किलोंच्या माणसाचं सहा किलोंनी वाढलं. प्रेमाने दिलेला बिस्किटाचा तुकडा असा महागात पडतो. अगदी लहान पिल्लांचं उलट: पोट फार वेळ रिकामं राहिलं तर रक्तातली साखर उतरते, ती लटपटतात. त्यांना थोडं थोडं, पुन्हा पुन्हा भरवायचं.

[दृश्य: दवाखाना. डॉक्टर मागच्या पायाचा गुडघा हलकेच दाबून बघतात.]

गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणं, हे सगळ्याच छोट्या जातींचं दुखणं. चालता चालता कुत्रा एक पाय उचलतो, दोन-तीन उड्या मारतो आणि काही झालंच नाही असा पुढे जातो. मालक हसतात. हसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावं. पुढच्या पायांची हाडं इतकी बारीक असतात की सोफ्यावरून किंवा लहान मुलाच्या हातातून पडल्यावरही मोडू शकतात. शिवाय रक्त गोठण्यातला दोष, व्हॉन विलब्रँड, या कुळात आढळतो. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी त्याची तपासणी झालेली बरी.

याहून गंभीर गोष्ट हृदयाची. मँचेस्टर टेरियरच्या कुळात वर्षाच्या आतली, खेळती पिल्लं अचानक दगावत होती. 2023 मध्ये संशोधकांनी त्याचं कारण जाहीर केलं: हृदयाच्या कामाशी संबंधित एबीसीसी9 या जनुकातला एक बदल. दगावलेल्या किंवा आजारी अशा 26 कुत्र्यांत तो आई आणि वडील दोघांकडूनही आलेला होता. तुलनेसाठी तपासलेल्या 398 कुत्र्यांत असं एकही नव्हतं. मात्र त्यातल्या 69 जणांत या जनुकाची एक दोषी प्रत होती. त्यांना स्वतःला काही होत नाही, ते फक्त वाहक असतात.

मग वाहक कुत्र्यांची पैदास बंद करून टाकावी? इथे आकडे आडवे येतात. ब्रिटनच्या केनेल क्लबकडे ज्या देशी जातींच्या वर्षाला 300 पेक्षा कमी पिल्लांची नोंद होते, त्यांची ‘धोक्यातल्या जाती’ म्हणून यादी असते. इंग्लिश टॉय टेरियर त्या यादीत आहे. कुळ इतकं आटलं होतं की अमेरिका-कॅनडातल्या टॉय मँचेस्टर टेरियरना, म्हणजे जुन्या काळी समुद्रापलीकडे गेलेल्या याच्या भाऊबंदांना, ब्रिटिश नोंदवहीत प्रवेश द्यावा लागला. काही जुन्या ब्रीडरांना ते रुचलं नाही, कारण तिकडचे कुत्रे अंगाने थोडे थोराड. पण ज्या जातीची वाट व्हिक्टोरियन काळातल्या बारीकपणाच्या हट्टाने लागली, तिच्यात अर्धा किलो वाढला म्हणून नाक मुरडणं अजब आहे.

अशा कुळातून सगळे वाहक काढले तर उरलेल्यांची लग्नं पुन्हा घरातल्या घरात लागणार, आणि दुसरा एखादा लपलेला दोष वर येणार. त्यापेक्षा चाचणी करून जोडी जुळवणं शहाणपणाचं. वाहकाला निर्दोष जोडीदार दिला तर निम्मी पिल्लं वाहक निघण्याची शक्यता असते, पण आजारी एकही निघत नाही. दोन वाहक एकत्र आले तर चारात एक पिल्लू आजारी पडण्याची शक्यता असते. म्हणून इंग्लिश टॉय टेरियरचं पिल्लू घ्यायला गेलात तर कान आणि अंगठ्याचे ठसे नंतर बघा. आधी आईवडिलांचे डीएनए अहवाल मागा, आणि ब्रीडर ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ म्हणाला तर पिल्लू न घेता परत या.