वीस तारखेनंतरचा किराणा

श्रोतेहो, नमस्कार.

वाणसामान हा काय रेडिओवर बोलायचा विषय आहे, असं कुणी म्हणेल. पण केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरखर्चाच्या पाहणीत असं दिसलं, की खेड्यातल्या घरात शंभरातले साधारण 47 रुपये खाण्यापिण्यावर जातात आणि शहरात जवळजवळ 40. भाडं, फी, औषधं, मोबाइल, लग्नकार्य हे सगळं उरलेल्यात बसवायचं. त्यातही खाण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा धान्याचा नाही, डाळीचाही नाही. तो चहा-थंड पेयं, बाहेरचं खाणं आणि तयार पाकिटं यांचा आहे. शहरात एकूण खर्चाच्या 11 टक्के, आणि खेड्यातही दहाच्या जवळपास.

म्हणजे आपण चिमटा काढतो तो नेमका चुकीच्या जागी. महिन्याची यादी करताना तूरडाळ दोन किलोऐवजी दीड लिहितो, शेंगदाणे अर्ध्यावर आणतो. आणि मग वीस तारखेपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातून रोज काहीतरी येत राहतं. फरसाण, टोस्ट, सॉसची पुडी, पोरांचे वेफर्स. मोबाइलवरून दहा मिनिटांत घरी येणारं सामान तर विचारूच नका. घरपोच फुकट हवं म्हणून आणखी शंभराचं काहीबाही टोपलीत टाकायचं, हा कुठला हिशेब?

म्हणून माझं पहिलं सांगणं यादीबद्दल नाही, कॅलेंडरबद्दल आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा खाडा लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो. त्याच चौकोनात एक महिना हा वरखर्चही लिहा. फक्त आकडा. कुणी आणलं ते लिहू नका, नाहीतर घरात भांडणं लागतील. तेलाची पिशवी फोडली की त्या तारखेलाही खूण करा. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे, असं डॉक्टर सांगतात. चौघांच्या घरात दोन लिटर पंधरा तारखेलाच संपत असेल, तर तेलाचा भाव हा आपला पहिला प्रश्न नाही, फोडणीची पळी हा आहे. बुधल्यातून थेट कढईत ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घातलं, तरी फरक दिसतो.

यादी करायची ती डब्यांसमोर उभं राहून. आणि आठवड्याच्या भाज्या-आमट्या ठरवल्यावर. सोमवारी मटकीची उसळ, मंगळवारी पिठलं, बुधवारी मसूर, असं ढोबळ ठरलं तरी चालतं. पाळलंच पाहिजे असं नाही. पण ठरवलेलं असलं की संध्याकाळी सात वाजता ‘काय करायचं?’ हा प्रश्न पडत नाही, आणि तो प्रश्न पडला की महागडं उत्तर मिळतं, हे तुम्हाला माहीत आहेच. डब्यांसमोर उभं राहिलं की मागच्या रांगेत अर्धा किलो साबुदाणा आणि गेल्या संक्रांतीचे तीळही सापडतात.

आता दुकानात. इथे जरा चष्मा लावून उभं राहायला हवं. तेलाची एक लिटरची पिशवी म्हणजे वजनाने साधारण 910 ग्रॅम. पण शेजारी तेवढ्याच उंचीच्या, तशाच दिसणाऱ्या पिशव्या असतात आणि त्यात कधी 850 ग्रॅम असतं, कधी 800, कधी 750. वीस रुपयांनी स्वस्त म्हणून ती उचलली, तर स्वस्त काहीच झालेलं नसतं. बिस्किटांचंही तेच. पुडा पाच रुपयांचाच राहिला, आतली बिस्किटं कमी झाली.

यावर एक कायदेशीर सोय आहे आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पाकिटावर कमाल किमतीशेजारी बारीक अक्षरात एकक दर छापावा लागतो. म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती पडले. घोळ एवढाच, की किलोपेक्षा लहान पाकिटावर हा दर ग्रॅमचा असतो आणि मोठ्यावर किलोचा. समजा, पोह्यांच्या अर्ध्या किलोच्या पाकिटावर ग्रॅमला 0.12 रुपये लिहिलंय आणि दोन किलोच्या पाकिटावर किलोला 105. पहिल्या आकड्याला हजाराने गुणा, 120 येतात. मोठं पाकीट किलोमागे पंधरा रुपयांनी स्वस्त. पण कधीकधी नेमकं उलटं निघतं, ‘फॅमिली पॅक’च महाग पडतो. म्हणून दर वेळी बघायचं. हे काम सातवी-आठवीतल्या मुलांना द्या. त्यांना ते आवडतं, आणि कंपन्यांच्या चलाख्या पकडायला तर फारच आवडतं.

सुटं धान्य की पाकीटबंद? जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, छापील लेबलाच्या धान्य-डाळी-पिठावर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही. ओळखीच्या वाण्याकडून सुटी डाळ घेणं आणि गहू चक्कीवर दळून आणणं अजूनही परवडतं. मात्र निवडायला वेळ आणि डोळे हवेत. दोन्ही नसतील तर पाकीट घ्या, त्यात कमीपणा नाही.

भाजीत भाव किलोचा बघू नये, कढईत काय पडतं त्याचा बघावा. किलोभर मटारच्या शेंगा सोलल्या की दाणे अर्धा किलोही भरत नाहीत. म्हणजे साठ रुपयांचा मटार खरा एकशेवीसच्या पुढचा. दुधी, कोबी, लाल भोपळा यांत फेकायचं थोडं. आणि दोडक्यात तर काहीच फेकायचं नसतं. दोडका धुऊन आधी त्याच्या शिरा सोलून घ्यायच्या. त्या चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. घाई केली तर बाहेरून करपतात आणि आत चिवट राहतात. मग लसूण, सुक्या मिरच्या, मूठभर तीळ, मीठ घालून खलबत्त्यात भरड कुटायचं. खोबरं घालतात, पण हल्ली खोबऱ्याचे भाव बघता तीळ किंवा दाण्याचं कूट घाला, चवीत उणं पडत नाही. एका दोडक्यात रात्रीची भाजी झाली आणि दोन दिवसांचं तोंडीलावणंही झालं.

पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाने भरलेली. तेव्हा कडधान्यांकडे वळावं. वाटीभर मटकीला मोड आणले की ती दुपटीहून जास्त होते. तूरडाळ डोईजड झाली तर निम्मी मूग किंवा मसूर मिसळा, आमटीत भोपळ्याच्या फोडी किंवा शेवग्याच्या शेंगा टाका. फक्त वरण-भाताच्या दिवशी शुद्ध तूर ठेवा, त्या दिवशी भेसळ खपत नाही, निदान आमच्या घरात तरी नाही.

रेशनबद्दल बोलायलाच हवं. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला घरटी 35 किलो धान्य मिळतं. 2023 पासून तेही मोफत. तरी ‘तो तांदूळ आमच्याकडे कुणी खात नाही’ असं ऐकू येतं. नका खाऊ भात म्हणून. जाड तांदूळ इडलीला, आंबोळीला उत्तम. भाजणीत घाला, धिरड्याला दळा. दळणात गहू असेल तर त्यात मूठभर सोयाबीन किंवा हरभरा टाका, पोळी बिघडत नाही.

उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरावेत का? नवा माल मार्च ते मेमध्ये येतो, भाव बरा असतो, हे खरं. पण ऊन द्यायला गच्ची आणि ठेवायला कोरडी जागा नसेल, तर वाचवलेले पैसे पोरकिडे खातात. तीन महिन्यांचे भरा. आणि ज्या घरात मजुरी रोजची, तिथे एकदम भरायला पैसे येणार कुठून? तेल दहा रुपयांचं, साखर दहा रुपयांची अशी पुड्यांनी आणावी लागते, आणि किलोमागे सगळ्यात जास्त दर त्याच घराला पडतो. इथे बचत गटाचा फार उपयोग होतो. पाच-सहा जणींनी दर आठवड्याला थोडे थोडे काढून डाळीचा 30 किलोचा कट्टा घाऊक बाजारातून आणायचा आणि वाटून घ्यायचा. दिवाळीच्या चणाडाळीलाही हेच करता येतं, फक्त भाव चढायच्या आत, महिनाभर आधी. वजनकाटा मात्र सगळ्यांसमोर लावा.

आता काय कापू नये ते. तंगी आली की घरातली बाई पहिल्यांदा स्वतःच्या वाट्याचं कापते. तिचं दूध बंद होतं, अंडं पोराच्या डब्यात जातं, तळाची आमटी तिच्या वाटीत येते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. चहातली साखर कमी करा, फरसाण आठवड्यातून एकदाच आणा, पण डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांना हात लावू नका. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने अन्नातलं लोह अंगी लागतं, आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. आणि यादीत शेंगदाण्यांपुढे जो अर्धा किलो लिहिलाय, तो खोडून एक करा. त्यातले अर्धे फोडणीच्या पोह्यांसाठी नाहीत. गुळाच्या खड्याबरोबर ते दुपारी तुम्ही स्वतः खायचे आहेत.

नमस्कार.