पाण्याची पाळी आणि लसावि

मंडळी, शाळेत लसावि शिकवताना घंटांचा प्रश्न हमखास येतो. एक घंटा दर 12 मिनिटांनी वाजते, दुसरी दर 18 मिनिटांनी; एकदम कधी वाजतील? 36, असं आपण ठोकून देतो. पण पहिली सहाला सुरू झाली आणि दुसरी सहा वाजून चार मिनिटांनी, तर त्या कधीच एकदम वाजत नाहीत. 12 आणि 18 चा मसावि 6. सुरुवातीचं अंतर सहाच्या पटीत असेल तरच गाठ पडते. लसावि सांगतो ते एवढंच, की एकदा गाठ पडली तर पुन्हा केव्हा पडेल.

हे मला शिकवलं आमच्या विहिरीनं. वाळवा तालुक्यात आमची विहीर सामाईक, वडिलांची आणि चुलत्यांची. एक आठवडा आबांची पाळी, एक आठवडा आमची. शेतीपंपाची लाईटही तशीच: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दोन्ही चक्रं 14 दिवसांची, आणि 14 व 14 चा लसावि 14 च. त्यामुळे पहिल्या आठवड्यात जे जुळलं ते तसंच राहिलं. आबांना कायम दिवसाची लाईट, आम्हाला कायम रात्रीची. मुद्दाम कुणी केलं नव्हतं.

वडील थंडीत रात्री दोनला बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जायचे. सरी भरली की तिचं दारं बांधायचं, पुढचीचं फोडायचं, आणि वरंब्यावर पाय टाकण्याआधी साप बघायचा. पुढे बिबट्याचं भय आलं. ते परत येईपर्यंत आई जागीच असायची.

कॉलेजात असताना मी कॅलेंडर घेऊन आबांपुढे बसलो. पाळी पाच-पाच दिवसांची केली तर चक्र 10 चं होतं. 10 म्हणजे 2×5, 14 म्हणजे 2×7, लसावि 70. या लसाविला नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, गणिती महावीराचार्यांनी ‘निरुद्ध’ म्हटलं होतं. त्यांना तो अपूर्णांकांसाठी हवा होता, मला पाण्यासाठी. 70 दिवसांत दोघांना पाणी 35-35 दिवस, म्हणजे कुणाचंच कमी होत नाही. दिवसाची लाईटही 35 दिवस असते. एकेक तारीख मोजली, तर त्यातले 18 दिवस एकाला मिळतात, 17 दुसऱ्याला.

“18 कुणाला?” आबांनी विचारलं.

“तुम्हाला. नवी पाळी एक दिवस उशिरा धरली तर आम्हाला.”

आबा कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एक दिवस उशिरा धर.”