नळाखाली धरलेली बाटली

पिण्याच्या पाण्यात जंतू आहेत का हे तपासायला जिच्यात नमुना घेतात, ती ही बाटली बघा. तळाशी जी चिमूटभर पांढरी पावडर दिसतेय ना, ते सोडियम थायोसल्फेट. म्हणून ही बाटली भरायच्या आधी विसळायची नाही, कितीही हात शिवशिवला तरी. कारण पाण्यातलं क्लोरीन बाटलीत गेल्यावरही जंतू मारतच राहतं, लॅबला पोचेपर्यंत नमुना साफ होऊन जातो आणि खराब पाण्याचा रिपोर्ट चांगला येतो. ही पावडर क्लोरीनला तिथल्या तिथे थांबवते.

नळाची जाळी काढा, तोंड निर्जंतुक करा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग बाटली भरा, आत बोट लागता कामा नये, आणि लगेच बर्फाच्या पेटीत ठेवून 24 तासांच्या आत लॅबला.

लॅबमध्ये 100 मिली पाणी 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून ओढतात, जंतू वर अडकतात, तो फिल्टर जंतूंचं खाद्य असलेल्या प्लेटवर ठेवून प्लेट इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबदार पेटीत. जंतू वाढतात आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांना त्यांचे ठिपके दिसतात. शोधायचा असतो ई. कोलाय नावाचा जंतू. तो माणसाच्या नि जनावरांच्या आतड्यात राहतो, म्हणजे पाण्यात सापडला की विष्ठा मिसळली हे नक्की, मग कॉलरा-टायफॉइडचा एकेक जंतू हुडकत बसायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 100 मिलीत एकसुद्धा सापडायला नको.

पण यात एक दिवस जातो आणि तोवर लोकांनी ते पाणी पिऊन टाकलेलं असतं! म्हणून मला क्लोरीनची रोजची तपासणी तेवढीच महत्त्वाची वाटते. पाण्यात डीपीडीची गोळी टाकली की क्लोरीन असेल तर रंग गुलाबी होतो, शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम हवं. रंग आलाच नाही तर डोस कमी पडलाय, नाहीतर वाटेत घाण शिरून क्लोरीन खाऊन टाकतेय.

मे 2000, कॅनडातलं वॉकरटन, जेमतेम 5 हजार वस्तीचं गाव. जोराचा पाऊस झाला, शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. तिथले कर्मचारी कित्येक वर्षं क्लोरीन न मोजताच आकडे लिहायचे, आणि नमुने एका जागेचे घेऊन लेबल दुसऱ्या जागेचं लावायचे. 17 मेला लॅबने पाणी दूषित असल्याचं पाणीपुरवठ्याच्या लोकांना कळवलं, पण त्यांनी ते आरोग्य विभागाला सांगितलंच नाही, पाणी उकळून प्या ही सूचना निघाली 21 मेला, तीही आरोग्य विभागाने स्वतःच संशयावरून काढली. 7 माणसं गेली, 2300 च्या वर आजारी पडली, त्यात लहान मुलं किती तरी.

नंतरच्या चौकशीत निघालं की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी मशीन असती, तर ही साथ आलीच नसती.