काचेतलं बाळ

[काळा पडदा. पेटीच्या पंख्याची बारीक घरघर. हळूहळू उजेड येतो. काचेआड ओंजळीत मावेल एवढं बाळ.]

"बाळ काचेत ठेवलंय."

आपल्याकडे फोनवर ही बातमी अशीच सांगतात. दिवस भरायच्या आत झालेलं मूल, वजन सव्वा किलो, काचेत ठेवलंय. ऐकणारा फार खोदून विचारत नाही. काचेत ठेवलंय म्हणजे जगवायची खटपट चालू आहे, एवढं त्याला समजतं.

त्या पेटीत एक नळी जाते आणि नळीतून ऑक्सिजन. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो. ज्याच्या नावातच प्राण, त्याच्यावर संशय घ्यायचा कसा? १९४०च्या दशकातल्या बॉस्टनच्या, लंडनच्या, मेलबर्नच्या डॉक्टरांना हा शब्द ठाऊक नव्हता. पण त्यांची पंचाईत नेमकी हीच झाली होती.

[जुनी कृष्णधवल छायाचित्रं: रुग्णालयाचा बालकक्ष, ओळीने मांडलेल्या पेट्या.]

१९४२. बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी एका चमत्कारिक अंधत्वाची नोंद प्रसिद्ध केली. अपुऱ्या दिवसांची बाळं. महिन्यामागून महिने जीव वाचवायची झुंज झालेली. मूल घरी येतं, अंगाने भरतं, आणि मग आईच्या लक्षात येतं की ते आपल्याकडे बघतच नाहीये. डोळ्यात भिंगामागे पांढुरका जाड पापुद्रा. त्या काळात आजाराला नाव मिळालं रेट्रोलेंटल फायब्रोप्लेशिया: भिंगामागे वाढलेलं तंतूंचं जाळं. आज आपण त्याला रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी म्हणतो. डॉक्टरांच्या तोंडी नुसतं 'आरओपी'.

पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे १०,००० मुलांची दृष्टी गेली, त्यातली सुमारे ७,००० एकट्या अमेरिकेतली. १९५० साली मिशिगनमध्ये वेळेआधी जन्मलेला एक मुलगा त्यांतलाच. पुढे जगाने त्याला स्टीव्ही वंडर या नावाने ऐकलं.

या आजाराची तऱ्हा उलटी होती. रोगराई एरवी गरिबाचं दार आधी ठोठावते. हा मात्र शिरला तो नव्याकोऱ्या पेट्या असलेल्या, पैसा आणि मनुष्यबळ असलेल्या रुग्णालयांत.

संशयित पुष्कळ निघाले. प्रखर उजेड असेल, म्हणून बाळांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून पाहिल्या. जीवनसत्त्वं असतील, लोह असेल, दूध असेल. पन्नासाहून अधिक कारणं या ना त्या डॉक्टरने सुचवली होती.

[दृश्य: टेबलावर एक खोकं. एक हात आत जातो, निळी गोटी घेऊन बाहेर येतो.]

न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी एसीटीएच हे त्या वेळी नवं असलेलं संप्रेरक वापरून पाहिलं. आजाराची सुरुवात झालेल्या ३१ बाळांना ते दिलं. २५ बाळं चांगल्या नजरेने घरी गेली. शहरातल्याच दुसऱ्या एका रुग्णालयात ते न दिलेल्या ७ पैकी ६ आंधळी झाली. एवढा आकडा हातात असताना कुणीही औषध सापडलं म्हणून पेढे वाटले असते.

सिल्व्हरमन थांबले. खोक्यात निळ्या आणि पांढऱ्या गोट्या टाकल्या. गोटीचा रंग ठरवेल: या बाळाला औषध, त्या बाळाला नाही. ऐकायला हे निर्दयी वाटतं. मलाही पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं. पण निकाल बघा. औषध मिळालेल्यांत सुमारे तिसरा हिस्सा आंधळा झाला. न मिळालेल्यांत पाचवा हिस्सा. शिवाय औषधवाल्या गटात जंतुसंसर्गाने मृत्यूही जास्त. पहिल्या खेपेचं ते यश औषधाचं नव्हतंच. आजार बऱ्याच बाळांत आपोआप ओसरतो, हे तोवर कुणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

गोट्या नसत्या तर ते औषध जगभर गेलं असतं.

[नकाशा: मेलबर्न, मग बर्मिंगहॅम.]

खरा धागा सापडला तो हिशेबाच्या वहीत. १९५१ साली मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी तीन ठिकाणची बाळं ताडून पाहिली. ऑक्सिजन सढळ हाताने मिळत होता तिथे १२३ पैकी २३ बाळांना आजार. जिथे तो जपून वापरला जाई, तिथे ५८ पैकी ४. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या डॉ. मेरी क्रॉस यांनाही असंच काही दिसलं: १९४८मध्ये सरकारी आरोग्यसेवा आली, ऑक्सिजनच्या उपकरणांना पैसा मिळाला, आणि त्यानंतर आजार दिसू लागला.

पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. श्रीमंत आणि गरीब रुग्णालयांत ऑक्सिजनशिवाय आणखी शंभर गोष्टी वेगळ्या असतात.

वॉशिंग्टनच्या गॅलिंजर म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये आर्नल पॅट्झ हा तिशीतला डॉक्टर होता. त्याला सरळ प्रयोग करायचा होता: अर्ध्या बाळांना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, अर्ध्यांना गरजेपुरता. सरकारकडे निधी मागितला, नकार आला. बाळांचा ऑक्सिजन काढून घेणारा माणूस म्हणजे खुनीच, असा तो काळ. पॅट्झने भावाकडून पैसे उसने घेतले.

आणि मग रात्रपाळी.

[दृश्य: अंधारा कक्ष. एक परिचारिका पेटीजवळ येते. हात ऑक्सिजनच्या चकतीवर. चकती फिरते.]

कमी ऑक्सिजनच्या गटातली बाळं मरतील, या भीतीने काही परिचारिका रात्री गुपचूप चकती वाढवून ठेवत. प्रयोगाच्या दृष्टीने हा घात. पण त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. समोर निळसर पडलेलं बाळ, हाताशी प्राणवायू, आणि वरून हुकूम की देऊ नकोस.

तरीही निकाल लपला नाही. भरपूर ऑक्सिजनच्या २८ बाळांपैकी ७ जणांचा आजार अखेरच्या टोकाला गेला. जपून दिलेल्या ३७ पैकी एकाचाही नाही. मग अमेरिकेतली १८ रुग्णालयं एकत्र आली. १९५३-५४मध्ये, दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या ७८६ बाळांवर मोठी चाचणी झाली आणि तिने पॅट्झचंच म्हणणं खरं ठरवलं.

[सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र: झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या.]

पण डोळ्यात होतं तरी काय? हे दाखवलं लंडनच्या नॉर्मन अ‍ॅश्टन यांनी, मांजरीच्या पिल्लांवर. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचंही तसंच. या वाहिन्या मध्यापासून कडेकडे सरकत जातात आणि काम संपतं नवव्या महिन्याच्या आसपास. अ‍ॅश्टन यांनी पिल्लांना चार दिवस दाट ऑक्सिजनमध्ये ठेवलं. कोवळ्या वाहिन्या मिटून गेल्या. मागच्या थरातल्या रक्तातूनच प्राणवायू भरपूर मिळतोय, तर नव्या वाहिन्या कशाला? मग पिल्लं साध्या हवेत आणली. आता पडद्याची उपासमार. तो हाकाटी करतो आणि वाहिन्या वेड्यावाकड्या, दिसेल तिकडे फुटतात. माणसाच्या बाळात अशा वाहिन्यांचे व्रण आकसतात आणि पडदा ओढून सोडवतात.

ही हाकाटी म्हणजे पडद्यातून पाझरणारा कुठलासा पदार्थ असावा, असा कयास आयझॅक मायकेलसन यांनी १९४८मध्येच बांधला होता. तो सापडायला चाळीस वर्षं गेली, आणि सापडला कर्करोगाच्या संशोधनाच्या वाटेवर. गाठीलाही रक्त हवं असतं. तीही तशीच हाक घालते. १९८९मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी तो रेणू वेगळा काढला: व्हीईजीएफ. त्याला अडवणारं औषध २००४मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी आलं आणि वर्षभरात कुणीतरी ते डोळ्यात टोचून पाहिलं. आज नाशकात किंवा सोलापुरात मधुमेहाने नजर अधू झालेल्या आजोबांना "डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल" असं सांगतात, ते याच घराण्यातलं औषध.

[पुन्हा पेट्या. १९६०च्या दशकातलं चित्रीकरण.]

गोष्ट इथे संपती तर बरं होतं.

१९५४नंतर नियम झाला: ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन नको. अंधत्व झपाट्याने घटलं. पण त्या मोठ्या चाचणीत एक फट राहिली होती. तिच्यात बाळं घेतली ती ४८ तासांची झाल्यावर. नाजूक बाळ दगावतं ते बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच! जी बाळं कमी ऑक्सिजनने मेली असती, ती चाचणीच्या दारातच आली नव्हती. १९७३मध्ये केनेथ क्रॉस यांनी इंग्लंड-वेल्सच्या आकड्यांवरून अंदाज मांडला: वाचवलेल्या एकेका दृष्टीमागे सुमारे १६ बाळं दगावली असावीत.

तेव्हा बाळाच्या रक्तात ऑक्सिजन किती, हे क्षणोक्षणी मोजताच येत नव्हतं. ती सोय पुढे जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या कल्पनेतून आली: पल्स ऑक्सिमीटर. कोरोनाच्या दिवसांत आपण घराघरांत बोटाला लावला तोच.

मग तरी उत्तर मिळालं? २०१०मध्ये १,३१६ बाळांच्या चाचणीचा निकाल आला. ऑक्सिमीटरचा आकडा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८५ ते ८९मध्ये ठेवला तर वाचलेल्यांत गंभीर आरओपी सुमारे ९ टक्के. ९१ ते ९५मध्ये ठेवला तर १८. आणि मृत्यू? खालच्या आकड्यावर सुमारे २० टक्के, वरच्यावर १६. पालकांना हा धोका संमतिपत्रात पुरेसा सांगितला नव्हता, यावरून नंतर मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आज बहुतेक ठिकाणी वरचा पट्टा पाळतात, आणि डोळे वेळेवर तपासतात.

[दृश्य: जिल्हा रुग्णालयाचा नवजात कक्ष. बाहेर बाकावर बसलेली आजी.]

भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मागून आला, पेट्यांबरोबरच. आपल्याकडे तो दीड-दोन किलोच्या बाळांतही दिसतो. म्हणून इथली मर्यादा सैल आहे: वजन दोन किलोपेक्षा कमी किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्म, तर तिसाव्या दिवसाच्या आत पडदा तपासायचा. फारच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. वेळेत दिसलं तर लेझर आहे, इंजेक्शन आहे. उशीर झाला तर फारसं काही उरत नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा एका न तपासलेल्या मुलीला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई दिली. तोवर ती मोठी झाली होती. अर्थात, आंधळीच.

तिसावा दिवस बहुधा बाळ घरी गेल्यावर येतो. बाळ काचेतून बाहेर आलेलं, बारसं तोंडावर, आणि तालुक्यापासून शहर दोन एस्ट्या बदलून. मग तारीख हुकते.

[पेटीजवळ. मॉनिटरचा हिरवा आकडा: ९३... ९५... ९८. अलार्म वाजतो.]

बाहेरून काचेला नाक लावून बघणारा बाप दचकतो. ९८? कोरोनात याच आकड्यासाठी देव पाण्यात घातले होते. मग हे यंत्र कोकलतंय कशाला?

सिस्टर येतात. आकडा बघतात. हात चकतीवर जातो, आणि चकती थोडी मागे फिरते.

[अलार्म थांबतो. ९४. पंख्याची घरघर.]