मनगटावरची ठेव

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मला विचारलं, "मामा, सोन्याऐवजी एखादं भारी स्विस घड्याळ घेऊन ठेवू का? लाखो रुपये मनगटावर बांधून कुठेही जाता येतं."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. हॉलिवूडचे नट पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना 2017 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 1 कोटी 77 लाख डॉलरना गेलं, म्हणजे तेव्हाचे शंभर कोटी रुपयांहून जास्त. घड्याळ साधं स्टीलचं. मागच्या झाकणावर त्यांच्या पत्नीने अक्षरं कोरून घेतली होती: गाडी जपून चालव. पैसे मोजले गेले ते त्या मनगटाचे आणि त्या अक्षरांचे.

भाच्याला मी म्हटलं, इथेच थोडा थांब. सोन्याची बांगडी मोडली तरी सराफ वजनावर पैसे देतो. घड्याळ मोडलं तर हाती उरतं मूठभर पोलाद. त्याची किंमत टिकते ती ते हवं असणारा माणूस भेटला तरच. तो आधी खोका मागतो, वॉरंटी कार्ड मागतो, काचेवरचा ओरखडा भिंगातून बघतो. आणि भाव चढतात ते मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या मॉडेलांचे. बाकीची महागडी घड्याळं दुकानाबाहेर पडली की उतरतात.

आता वेळेचं बघा. स्विस संस्थेचं क्रोनोमीटर, म्हणजे वेळेच्या अचूकतेचं, प्रमाणपत्र मिळवणारं चावीचं घड्याळ दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे किंवा 6 सेकंद पुढे गेलं तरी पास होतं. सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्झ या स्फटिकाचा इवलासा तुकडा सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो. म्हणून कॅसिओचं साधं प्लॅस्टिकचं घड्याळही महिन्याकाठी फार तर 30 सेकंद चुकतं. 1969 च्या नाताळात सेइकोने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत एका छोट्या मोटारीएवढी होती. तीच करामत आज रस्त्यावरच्या टपरीत मिळते.

मग मी कपाटातून वडिलांचं घड्याळ काढलं. एचएमटी जनता. सरकारी एचएमटीने बंगळूरच्या कारखान्यात 1961 पासून जपानच्या सिटिझनच्या मदतीने घड्याळं बनवायला घेतली. सरकारने 2016 मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. वडील, म्हणजे आमचे दादा, रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांआधी वेळ ऐकून काटे जुळवायचे आणि मग चावी द्यायचे. त्यांच्या मनगटाच्या घामाने तबकडीची कड पिवळट झाली आहे. मी ती बदलू दिलेली नाही. भाच्याने घड्याळ कानाला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

त्याला मी सांगितलं, आवडत असेल तर भारी घड्याळ जरूर घे, हातात घालायला घे. अडीनडीची पुंजी मात्र वेगळी ठेव.

श्रोतेहो, तुमच्या घरीही एखादं चावीचं घड्याळ बंद पडून असेल. बहुतेक वेळा आतलं तेल तेवढं सुकलेलं असतं. लगेच चावी फिरवू नका, सुकलेल्या तेलात चाकं झिजतात. आधी एखाद्या जुन्या घड्याळजीकडून साफ करून, तेल घालून घ्या. मग रोज ठरावीक वेळी चावी द्या, आणि बोटांना ती कडक लागली की तिथेच थांबा.

नमस्कार.