अमृत कोकम: परसातून पेल्यापर्यंत

[दृश्य: कुडाळ तालुक्यातलं एक घर. मागच्या परसात उंच, निमुळतं झाड. खाली जुनी चादर अंथरलेली.]

निवेदन:
मे महिना अर्धा सरला की कोकणात माणसं बोलता बोलता मध्येच आकाशाकडे बघायला लागतात. हापूस बहुतेक उतरवून झालेला असतो. काजूबिया वाळून पोत्यात भरलेल्या असतात. फणसाची घाई कुणालाच नसते. मागे राहतो तो रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, आणि त्याची वेळ अशी अडचणीची की तो भरात येतो अगदी पावसाच्या तोंडावर. वळवाच्या दोन जोरदार सरी आल्या की पिकलेली फळं पटापटा खाली येतात, चिखलात लोळतात आणि दोन दिवसांत सडायला लागतात.

आज आपण अमृत कोकम, म्हणजे कोकमाच्या सरबताचा पाक, करणार आहोत. त्याला चूल लागत नाही, पाणी लागत नाही. लागतं ते कडक ऊन. म्हणजे नेमकी तीच गोष्ट, जी या दिवसांत संपत आलेली असते.

[दृश्य: आकडीने फांदी हलवली जाते. लालबुंद फळं चादरीवर पडतात.]

हे कोकमाचं झाड. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका, मँगोस्टीनच्या कुळातलं. याचं फळ म्हणजे रातांबा. इथे सिंधुदुर्गात आणि पलीकडे गोव्यात भिरंड म्हणतात, खाली कारवार-शिरसीकडे मुरुगल. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधली चिंचोळी पट्टी हे त्याचं घर. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

झाड लावणाऱ्याची मात्र हे झाड चांगलीच परीक्षा बघतं. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी रुजवून वाढवलेलं रोप नर निघालं की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि फुलं यायला सहा-सात वर्षं जातात. इतकी वर्षं पाणी घालून झाड नर निघालं, तर त्याच्यावर रातांबा धरत नाही. म्हणून आता लोक मृदुकाष्ठ, म्हणजे कोवळ्या खोडावर बांधलेली, कलमं लावतात. कलम मादी झाडाच्या काडीचं असलं की प्रश्न मिटला. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेली ‘कोकण अमृता’ ही जात आणखी एका कारणासाठी कामाची आहे: तिची फळं पावसाच्या आधी हाती येतात. ज्यांच्या परसात आजोबांच्या काळातलं, आपोआप उगवलेलं झाड आहे, त्यांना मात्र आकाशाकडेच बघावं लागतं.

[दृश्य: जवळून. सुरीने आडवं कापलेलं फळ. जाड साल, आत पांढरा गर.]

फळ लिंबाएवढं. बाहेरून लाल, पूर्ण पिकलं की जांभळ्याकडे झुकलेलं. कापलं की आतला मामला उलटा: पांढरट, बुळबुळीत, आंबटगोड गर आणि त्यात रुतलेल्या बिया. मुलं गर चोखून बिया थुंकतात आणि साल फेकून देतात. मोठी माणसं नेमकं उलटं करतात, कारण सगळी किंमत त्या सालीत आहे. रंग सालीत, आंबटपणाही सालीत. फळाच्या वजनापैकी साधारण निम्मं वजन सालीचंच असतं.

आणि हा रंग बोटांवरून सहज जात नाही. कापायला बसताना अंगावर जुना कपडाच हवा.

आता या घरातलं काम बघू. सासूबाई विळी घेऊन बसल्या आहेत, सून फळं पुसते आहे. फळं सकाळीच धुऊन सुपात पसरली होती. तरी देठापाशी जी खोलगट जागा असते, तिथे पाणी लपून बसतं. सासूबाईंचं लक्ष तिथेच.

“पाण्याचो थेंब लागाक नको हां. लागलो काय बुरशी इलीच म्हणून समज.”

“पुसलंय, आई.”

“देठाकडे बघ परत.”

या एका गोष्टीवर त्या अडून बसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. अमृत कोकम टिकतं ते साखरेच्या जोरावर. पाक इतका दाट असतो की त्यात बुरशी आणि जिवाणू यांना जगायला मोकळं पाणीच उरत नाही. जिथे थेंबभर पाणी राहतं, तिथे तेवढ्यापुरता पाक पातळ होतो आणि बुरशीला पाय ठेवायला जागा मिळते. सुरुवात नेहमी बरणीच्या तोंडापाशी, काचेला चिकटलेल्या सालीवर होते.

[दृश्य: सालीच्या वाट्या साखरेने भरल्या जातात.]

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. एक किलो सालीला दोन किलो साखर. फळं विकत आणणार असाल, तर दोन किलो रातांब्यांची साल साधारण किलोभर निघते. फळ आडवं कापायचं, म्हणजे दोन गोल वाट्या होतात. गर आणि बिया बोटाने काढून वेगळ्या पातेल्यात ठेवायच्या. टाकायच्या नाहीत, त्यांच्याकडे नंतर येऊ. मग एकेका वाटीत साखर दाबून भरायची आणि वाट्या तोंड वर करून बरणीत रचायच्या. एक थर वाट्यांचा, वर मूठभर साखर, पुन्हा वाट्या. सगळ्यात वर साखरेची जाड चादर, साल कुठेही उघडी दिसता कामा नये.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची. पितळ, तांबं, ॲल्युमिनिअम इथे अजिबात चालत नाही. कोकमाचं आम्ल धातूला लागतं आणि चव बिघडते. तोंडाला दादरा बांधायचा, म्हणजे पांढरं सुती फडकं. झाकण घट्ट लावू नका. आतली वाफ बाहेर जायला हवी, आणि मुंग्या आत जायला नकोत.

मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या परातीत ठेवतात. हा सल्ला कुठल्या कृतीत सहसा नसतो, पण कोकणातल्या घरात याच्याशिवाय चालत नाही.

[दृश्य: गच्चीवर बरण्यांची रांग. दुपार.]

पुढचं काम ऊन करतं. साखर सालीतलं पाणी ओढून घेते. पहिल्या संध्याकाळीच बरणीच्या तळाशी लाल रस साचलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी साखरेचा वरचा थर खचतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी साली आकसून रसावर तरंगायला लागतात. रोज सकाळी बरणी उन्हात, दिवेलागणीला घरात. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने हलवायचं, कारण विरघळायची राहिलेली साखर तळाशी बसते आणि वरचा रस पातळ राहतो. आठवडाभर चांगलं ऊन मिळालं की साखर पूर्ण विरघळते. मग गाळायचं. पाक बोटांत धरला तर चिकटतो, आणि काचेच्या बाटलीत उजेडासमोर धरला तर गडद माणकासारखा दिसतो.

तुम्ही म्हणाल, आठवडाभर कशाला, गॅसवर ठेवलं तर तासात होईल. होईल. बाजारातल्या बऱ्याच बाटल्या साखरेच्या उकळत्या पाकात रस घालूनच भरलेल्या असतात. पण कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांचा आहे, आणि त्यांना उष्णता सोसत नाही. उकळलं की रंग विटकरी होत जातो आणि ताज्या फळाचा वास उडून जातो. मग रंग परत आणायला बाहेरचा रंग घालावा लागतो. माझं मत विचाराल तर घाईने केलेल्या अमृत कोकमापेक्षा साधं लिंबू सरबत बरं.

या रंगाची परीक्षा घरी करता येते. पाण्यात मिसळलेल्या सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाका. फेस येईल, आणि फेसाबरोबर खऱ्या कोकमाचा लाल रंग बदलून जांभळट, मग निळसर-करडा होईल, कारण हे रंगद्रव्य आम्लात लाल दिसतं आणि आम्ल मारलं की रंग पालटतं. सोडा टाकूनही सरबत लालभडकच राहिलं, तर त्यात काय आहे ते तुम्हीच ठरवा. आणखी एक खूण: घरच्या पाकाचा रंग वर्षभरात थोडा तपकिरी होतोच. दोन वर्षांनीही तसाच चमकणारा लाल पाक दिसला, तर मी तरी तो पिणार नाही. बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवली की रंग जास्त टिकतो.

[दृश्य: सून साखरेचा डबा हातात घेऊन थांबते.]

इथे एक वाद दर उन्हाळ्यात होतो. सुनेला साखर कमी करायची आहे, घरात मधुमेह आहे. सासूबाई ऐकत नाहीत.

“साकर कमी करू नको, बाय. फसफसतला मा?”

फसफसतंच. साखर कमी पडली की फळावरचं नैसर्गिक यीस्ट कामाला लागतं, पाकावर फेस धरतो, दादरा फुगतो आणि बरणी उघडली की दारूचा वास येतो. गारवा देणारं सरबत करायला बसलो आणि भलतंच काहीतरी झालं, असा प्रकार. त्यामुळे बरणीत काटकसर नको. सुनेचा मुद्दाही खोटा नाही: एका पेल्यातल्या पाकात सहज सहा-सात चमचे साखर असते. ज्याला साखर नको, त्याने अमृत कोकमाच्या वाटेला न जाता आगळाकडे वळावं.

[दृश्य: बाजूला ठेवलेलं पातेलं. गर आणि बिया.]

आता त्या पातेल्याकडे येऊ. गरात भरपूर मीठ आणि थोड्या साली घालून ते मुरू द्यायचं, रोज हलवायचं आणि काही दिवसांनी रस गाळून घ्यायचा. हेच आगळ. यात साखरेचा कणही नाही, टिकवण्याचं काम मीठ करतं. सोलकढी होते ती याच्यावर: नारळाच्या दुधात चमचाभर आगळ, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर. पण नुसत्या थंड पाण्यात थोडंसं आगळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर हिंग घातला तरी उन्हातून आलेल्या माणसाला ते पुरतं. मीठ मात्र वरून घालू नका, आगळातच भरपूर असतं. रक्तदाबवाल्यांनी इथेही बेतानेच घ्यावं.

उरलेल्या बियांचंही वाया काही जात नाही. त्या वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळल्या की वर चरबी तरंगते. ती गार करून मुठीने वळतात, म्हणून मुठेल. पांढरट, कडक गोळा, हातावर चोळला की वितळतो. थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला कोकणात हेच काढतात. सौंदर्यप्रसाधनांचे कारखानेही हीच चरबी वापरतात.

[दृश्य: शहरातलं स्वयंपाकघर. वाटीत भिजत घातलेली आमसुलं.]

पुण्यात, नागपुरात किंवा परदेशात ताजे रातांबे कुठून मिळणार? तिथे आमसुलं कामाला येतात. आमसूल म्हणजे त्याच सालींना फळाच्या मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेलं रूप. दहा-बारा आमसुलं भरभर धुऊन दोन वाट्या कोमट पाण्यात तासभर भिजवा. मग हाताने चांगली कुस्करा. मिक्सर नको, सालीचा कोंडा रसात उतरतो आणि घशाला लागतो. गाळून घ्या, गूळ किंवा साखर, जिरेपूड, चिमूटभर पादेलोण घाला, आणि चव बघून गार पाणी. मीठ घालण्याआधी चाखा, कारण आमसुलं आधीच खारट असतात. आमसुलं घेताना वाकवून बघा: ताजी मऊ आणि चिवट असतात, वास आंबट-फळासारखा येतो. काळीठिक्कर आणि कडकडीत वाळलेली जुनी असतात, त्यांचा रंग उतरत नाही. हे सरबत अमृत कोकमासारखं लालबुंद होणार नाही, फिकट गुलाबी-तपकिरी होईल. आणि ते त्याच दिवशी संपवायचं.

[दृश्य: माठ. तांब्या. काचेचे पेले.]

मोसमात केलेल्या अमृत कोकमाचं प्रमाण: एक भाग पाक, पाच भाग पाणी. पाणी माठातलं असलं तर उत्तम, फ्रिजमधलं असलं तर बर्फ नको. फार गार केलं की गोडवा जिभेला नीट कळत नाही, मग माणूस उगाच आणखी पाक ओततो. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ पेल्यात, बरणीत नाही. बरणीत घातलं की वर्षभर एकाच चवीचं प्यावं लागतं, आणि जिऱ्याचा वास दोन महिन्यांत उग्र होतो. सोडावॉटर घालणारे घालतात. मुलांना ते आवडतं, मला नाही.

गाळून उरलेल्या साली साखरेने मढलेल्या, चिवट आणि आंबटगोड असतात. त्या सुपात पसरून आणखी दोन दिवस उन्हात वाळवल्या तर प्रवासात चघळायला डबाभर खाऊ होतो. गाडी लागते त्यांच्यासाठी तर नक्की ठेवाव्यात.

पाक बाटलीत भरताना बाटली उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेली हवी, आणि काढताना चमचा कोरडा. पाऊस सुरू झाला की हवेतली ओलसुद्धा बाटलीत शिरते, म्हणून मोठी बाटली वारंवार उघडण्यापेक्षा लहान बाटल्या भरून ठेवा आणि एक संपल्यावरच दुसरी उघडा.