केसकृमी आणि आपण

मंडळी, ‘केसकृमीपासून माणसाला धोका आहे का?’ असा विषय जाहीर झालाय. उत्तर ‘नाही’. ज्यांना घाई आहे त्यांनी निघायला हरकत नाही. कुणी उठत नाही? बरं.

आधी माझी तक्रार ऐका. पाण्याच्या टाकीत, कुत्र्याच्या भांड्यात, नाहीतर थेट कमोडमध्ये वळवळणारा वीतभर, तपकिरी-काळा दोरा, म्हणजे हाच केसकृमी, दिसला, की लोक मला फोटो पाठवतात. खाली ठरलेला प्रश्न : ‘नारू आहे का हो?’ अहो, नारू माणसाच्या कातडीतून बाहेर पडतो, तोही बहुधा पायाच्या. टाकीत पोहायला येत नाही! एका गृहस्थांनी तर आधी सगळ्या घराला जंताच्या गोळ्या दिल्या आणि मग मला विचारलं.

पण अशी घबराट जुनीच. युरोप-अमेरिकेत पूर्वी समज होता, की घोड्याचा केस पाण्यात पडला की जिवंत होऊन हा कृमी बनतो. जोसेफ लायडी हे मोठे अमेरिकन शास्त्रज्ञ. त्यांनी खरंच घोड्याचे केस पाण्यात ठेवले, कित्येक महिने वाट पाहिली आणि १८७०मध्ये गंभीरपणे लिहून टाकलं, की एकही केस जिवंत झालेला दिसला नाही. मला हा माणूस फार आवडतो. खुळचट म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. त्यांनी करून पाहिलं.

मग हा केसकृमी येतो कुठून? रातकिड्याच्या, नाकतोड्याच्या पोटातून. तिथे गुंडाळून वाढतो आणि पूर्ण वाढला की यजमानाला पाण्याकडे नेतो. बिचारा किडा उडी मारतो, हा बाहेर पडतो. २००६मध्ये फ्रेंच संशोधकांनी दाखवलं, की असा रातकिडा बेडकाने किंवा माशाने गिळला, तरी कृमी त्याच्या तोंडातून, नाकातून नाहीतर कल्ल्यांतून सुटू शकतो! त्या वेळी बेडकाला काय वाटलं, ते मात्र निबंधात नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाचच मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता पळतच.

प्रौढ कृमी काही खातच नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. चावत नाही, डसत नाही. माणसाच्या उलटीत किंवा शौचात सापडल्याच्या मोजक्या नोंदी आहेत. पाण्याबरोबर किंवा किड्यासकट गिळला गेला आणि बाहेर पडला, इतकंच. आपल्या शरीरात तो वाढत नाही. कमोडमधला बहुतेक वेळा तिथे पडलेल्या किड्यातून आलेला असतो. कुत्र्या-मांजरांनाही तेच लागू. काडीने उचला, बाहेर टाका.

मात्र शरीरातूनच पडल्याची शंका असेल, तर बाटलीत घालून डॉक्टरांकडे न्या. माणसाच्या आतड्यात खरोखर राहणारे लांब जंतही असतात आणि नुसत्या फोटोवरून औषध ठरवू नये. टाकीत निघाला असेल, तर किडे आत जाताहेत. झाकण नीट बसतं का बघा. बाकीचं प्रश्नोत्तरांत.